अक्कांचं नाक

अक्का गाडी नाकाने चालवायच्या. हात स्टिअरिंगवर आणि पाय क्लचवर, ते सगळ्यांचंच असतं. पण गाडीच्या पोटात काय चाललंय ते त्यांना नाकातून कळायचं. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. पन्नास वर्षं बेंगळुराच्या शिवाजीनगरात विलायती गाड्यांच्या पोटात हात घालून बसलोय मी. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण गाडीच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं असा माणूस अजून भेटलेला नाही. एक अक्का सोडून. आणि त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

गाडी दोन सीटांची, उघड्या टपाची, गडद हिरवी. कॉफीच्या मळ्यातला एक म्हातारा गोरा मायदेशी परत चालला होता, त्याच्याकडून अक्कांनी ती तरुणपणी घेतली. त्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. मूळच्या बेळगावकडच्या, लग्न केलं नाही, इंदिरानगरात एकट्या राहायच्या. आजूबाजूचे सगळे बंगले जाऊन तिथे हॉटेलं आली, ह्यांचा बंगला आणि पुढ्यातली हिरवी गाडी जागच्या जागी.

आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की आमचं मराठी अर्धं कन्नडच आहे. अक्का म्हणायच्या, "मेस्त्री, तुमचं मराठी म्हणजे बिसीबेळे भात. आत काय काय घातलंय कळत नाही, पण पोट भरतं."

पहिल्यांदा गॅरेजात आल्या तेव्हा नमस्कार नाही, चमत्कार नाही. गाडीतून उतरल्या, दारातच उभ्या राहिल्या, डोळे मिटून वास घेतला.

"थिनरचा डबा उघडा राहिलाय. तिकडे कोपऱ्यात बॅटरी चार्जिंगला लावलीय, ती उकळायला लागलीय. आणि तुम्ही सकाळी मेथी खाल्लीत."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला राग आला. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही गाडी दाखवायला आलात, का गॅरेज तपासायला?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "आणि स्वल्प थांबा, माझं तपासून संपलं नाही."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्या यायच्या. रविवारी माझं गॅरेज बंद, पण अक्कांसाठी शटर अर्धं वर असायचं. आल्या की बॉनेट उघडायच्या, इंजिन थोडं निवलं की रुमालात धरून एक प्लग काढायच्या आणि नाकाशी न्यायच्या. मी प्लग डोळ्यांनी बघतो. काळा असेल तर पेट्रोल जास्त होतंय, पांढरा पडला असेल तर कमी पडतंय. अक्का बघायच्याच नाहीत. वास घेऊन सांगायच्या, "आज हिला अपचन झालंय," म्हणजे पेट्रोल जास्त. "आज उपाशी आहे," म्हणजे कमी. मग मी प्लग हातात घेऊन बघायचो. एकदाही चुकल्या नाहीत. मी मुद्दाम वाट बघायचो, चुकतील म्हणून. माझा स्वभावच तसा आहे.

गाडीला हॉर्न होता, चांगला वाजायचाही. पण अक्का तो वाजवायच्या नाहीत. रिक्षा आडवी आली की उघड्या टपातून मान वर काढून ओरडायच्या, "अण्णा, क्लच जळतोय तुमचा! वास येतोय!" रिक्षावाला दचकून बाजूला घ्यायचा, आणि अक्का पुढे. मी विचारलं, "खरंच जळत असतो का?" तर म्हणाल्या, "दहातल्या सात वेळा."

जुन्या गाड्या घेणारी माणसं अक्कांना गाडी बघायला न्यायची. मोल ठरवायला माणसं कागद बघतात, नंबर बघतात, रंगाच्या थराची जाडी मोजायचं यंत्र लावतात. अक्का दार उघडून डोकं आत घालायच्या. एकदा मीही बरोबर होतो. विकणारा सांगत होता, गाडी बोटीतून उतरली तशीच आहे, गादीसुद्धा मूळची.

अक्का डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "जुन्या चामड्याला पुस्तकाच्या कपाटाचा वास असतो. हिला चपलेच्या दुकानाचा येतोय."

"मॅडम, कागद बघा ना. सगळं लिहिलंय."

"आणा. कागदाचाही घेते."

त्याने कागद पुढे केलाच नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांचीच सांगतो असं व्हायला नको. त्यांच्या गाडीचा पुढचा मडगार्ड एकदा बसने घासला. असला खड्डा आम्ही जुन्या पद्धतीने भरायचो. आधी ठोकून पत्रा जाग्यावर आणायचा, उरलेल्या उंचसखल जागी शिसं-कथील वितळवून लाकडी पट्टीने पसरवायचं, मग कानशीने घासायचं. दोन दिवस जातात. पुट्टी लावली की तासाचं काम. अक्कांनी बजावलं होतं, पुट्टी नको. पण त्या आठवड्यात घाई होती, आणि तळहाताएवढी तर जागा. मी पुट्टी लावली, वर रंग मारला. आरशासारखा मडगार्ड. मीच बघून खूश.

अक्का आल्या, मडगार्डपाशी वाकल्या.

"मेस्त्री, हे काय?"

"काय?"

"पुट्टी."

"छे. रंगाचा वास असेल, ओला आहे अजून."

"रंगाचा वास मला माहीत आहे."

मी हटलो नाही. त्याही वाद घालत बसल्या नाहीत, गाडी घेऊन गेल्या. पुढच्या रविवारी आल्या, मडगार्डपाशी वाकून वास घेतला, माझ्याकडे बघितलं, स्टुलावर बसल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मीच काही न बोलता ब्लोलॅम्प पेटवला, सगळं खरवडून काढलं, आणि शिसं ओतलं. त्या शेजारी बसून होत्या. म्हणाल्या, "आता बरं वाटतंय हिला. खोटं बोललात ते मी विसरले."

"मी खोटं बोललो नव्हतो."

"मग पुट्टी बोलली असेल."

असं आमचं होतं. बाकी त्यांच्या घरचं मी फार विचारलं नाही, त्यांनी माझ्या घरचं विचारलं नाही. रविवारी दोन तास गाडी, आणि शेजारच्या दुकानातली दोन कॉफी.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी अक्कांना ताप आला. घरातच होत्या, बऱ्या झाल्या. बारीक झाल्या होत्या, पण पुन्हा रविवारी येऊ लागल्या. बॉनेट, रुमाल, प्लग, नाक, सगळं पहिल्यासारखं. मलाही काही कळलं नाही.

मग एका रविवारी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली आणि मला तिथूनच पेट्रोलचा वास आला. माझं नाक काय, पन्नास वर्षं थिनर आणि विडी. त्याला वास आला म्हणजे बघा. मी धावत गेलो. अक्का हसत उतरल्या. "मेस्त्री, आज काय सुंदर पळाली!"

बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरच्या वाटीतली सुई अडकली होती आणि वाटी भरून पेट्रोल बाहेर गळत होतं. खाली तापलेला एक्झॉस्टचा पाइप. चार बोटांवर. इंदिरानगरपासून शिवाजीनगरपर्यंत त्या तशा आल्या होत्या. एक थेंब नको तिथे पडता तर काय झालं असतं ते मला सांगायला नको.

मी मान खाली घालून सुई साफ केली. अक्का शेजारी उभ्या. त्यांनी नेहमीसारखा प्लग काढला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "पोट ठीक आहे हिचं."

प्लग पेट्रोलने ओला होता. आणि त्यांच्या नाकाला काही कळत नव्हतं.

मी बोललो नाही. का नाही बोललो ते सांगतो. त्यांचा एक भाचा पुण्यात असतो, चांगला माणूस. तो फोनवर फोन करत होता, मावशी, आता वय झालं, गाडी बंद कर. अक्का त्याला म्हणायच्या, माझं नाक चालतंय तोवर गाडी चालेल. आता नाक गेलं हे मी तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी किल्ली ठेवली असती. दिलेल्या शब्दाच्या पक्क्या होत्या. आणि गाडी गेली असती तर त्या बंगल्यात त्यांना दुसरं होतं काय? पण नाही सांगितलं तर एक दिवस गाडी पेटणार. मी मधला रस्ता काढला. दर शनिवारी दुपारी काहीतरी निमित्त करून इंदिरानगरला जायचो आणि त्या आत कॉफी करेपर्यंत सगळे पाइप, वाट्या, नट तपासून घ्यायचो.

"मेस्त्री, हल्ली फेऱ्या फार?"

"वाटेवरच होतं, अक्का."

"कुठल्या वाटेवर?"

"ह्याच."

आणि रविवारी त्या प्लग नाकाशी नेऊन जे म्हणतील त्याला मी मान डोलवायचो. पाच महिने असं चाललं. मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळतोय.

मग भाच्याने एक मोल ठरवणारा माणूस पाठवला. तरुण, स्वच्छ कपडे, हातात टॅब. गाडीची किंमत ठरवून कागद करायचा होता. अक्कांनी मला बोलावून घेतलं. त्याने नंबर बघितले, खाली वाकून फोटो काढले. म्हणाला, "मॅडम, मडगार्डखाली शिशाचं काम आहे. असं हल्ली कुणी करत नाही." माझी छाती फुगली हे खरं.

अक्कांना रंग चढला. त्याला दाखवायला म्हणून प्लग काढला, डोळे मिटून वास घेतला. "अपचन आहे. मेस्त्री, पेट्रोल स्वल्प कमी करा."

मी प्लग घेतला. पांढराफटक, कोरडा. गाडी आधीच उपाशी होती, आणखी कमी केलं असतं तर इंजिन तापून पिस्टन गेले असते. तो माणूस माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "होय अक्का, अपचनच." प्लग बसवला, इंजिन चालू केलं, खाली वाकून पाना नटावर ठेवला, दोनदा टकटक वाजवला, आणि नट न फिरवता उठलो.

"झालं."

अक्कांनी त्या माणसाला आत कॉफी प्यायला बसवलं. बाहेर आल्या. इंजिन बंद केलं.

"पाना वाजला," त्या म्हणाल्या. "पण इंजिनाचा आवाज बदलला नाही."

कान शाबूत होते. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"प्लग कसा आहे?"

"पांढरा."

"म्हणजे उपाशी. आणि मी आणखी कमी करायला सांगितलं." त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पाच महिने."

"शनिवारच्या फेऱ्या त्यासाठी."

"होय."

मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जन्मभर मुलांना शिकवलं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि मी लोखंडाच्या तुकड्याला नाक लावून नाटक करतेय. आणि तुम्ही समोर बसून बघताय. मेस्त्री, पुट्टी लावली होती तेव्हा मला राग आला नव्हता. तेव्हा तुम्ही मला तुमच्या बरोबरीची समजून खोटं बोलला होतात. ह्या वेळी दया केलीत."

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही पेटला असता."

"मग तसं सांगायचं. 'अक्का, तुम्ही पेटाल.' तीन शब्द. तुम्हाला कधीपासून बोलायची भीती वाटायला लागली?"

त्या आत गेल्या. मी किल्ली बॉनेटवर ठेवून आलो. नंतर कळलं, त्याच दिवशी भाच्याला फोन करून त्यांनी सांगितलं, गाडी विकायची असेल तर वीक.

तीन रविवार मी शटर उघडलं नाही. त्याही आल्या नसत्या, आणि मीही गेलो नसतो. मला दुखलं होतं. आपण कुणाचं भलं करावं आणि त्यांनी ते तोंडावर फेकावं, हे मला पचत नव्हतं. आणि त्याच्याखाली दुसरं होतं, ते असं की त्यांचं बरोबर होतं. ते पचायला आणखी वेळ लागला.

चौथ्या रविवारी शटरवर थाप पडली. अक्का. रिक्षाने आल्या होत्या. रिक्षाने आलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो, चुकीच्या चौकटीतल्या फोटोसारख्या दिसत होत्या. माझ्या हातात किल्ली ठेवली.

"मी गाडी चालवायची नाही, हे ठरलं," त्या म्हणाल्या. "पण गाडीत बसायचं नाही, असं कुणी म्हटलंय? तुम्ही चालवायची. मी बाजूला बसणार. आणि वाटेत काय काय वास येतोय ते मला सांगायचं. गाडीचा, रस्त्याचा, जो येईल तो. बरा असो, वाईट असो. एक जरी लपवलात तर मी तिथेच उतरून रिक्षाने घरी जाईन."

"आणि भाचा?"

"त्याला सांगितलंय, मी आहे तोवर थांब. तो 'सरी' म्हणाला, म्हणजे बरं. कन्नड शिकतोय बिचारा."

आम्ही रिक्षाने इंदिरानगरला गेलो, आणि गाडी रस्त्यावर काढायला ड्रायव्हरच्या जागी मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. सगळं आयुष्य तिचं पोट बघितलेलं, पण तिथून रस्ता कसा दिसतो ते माहीत नव्हतं. खाली, जमिनीला लागून, बसची चाकं डोक्याएवढी.

अलसूरच्या तलावापाशी अक्कांनी विचारलं, "काय येतंय?"

"घाण वास."

"कसली घाण?"

"तलावाची."

"नापास. घाण हा वास नाही, ते तुमचं मत आहे. नीट सांगा."

मला काय येणार? माझ्याकडे वासाला दोनच शब्द, चांगला आणि घाण. पण म्हातारी सोडेना. तलावावरून तीन चकरा मारायला लावल्या. शेवटी मी म्हटलं, "शेवाळ. ओला कुत्रा. आणि त्याच्या मागे कुठेतरी वडे तळताहेत."

त्यांनी डोळे मिटले. "वडे तेलात नवे पडलेत, का तेल जुनं?"

"जुनं."

"आलं," म्हणाल्या. "दिसलं मला."

मग दर रविवारी तेच. फ्रेझर टाउनच्या बेकरीसमोर गाडी हळू करायची आणि बन भाजून झालेत का अजून भट्टीत आहेत ते सांगायचं. देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागलं की निलगिरी, मग द्राक्षांच्या बागांवर मारलेलं औषध, मग ओलं सिमेंट. "पुढच्या शेताचं लेआउट झालं वाटतं, प्लॉट पडले," अक्का सिमेंटवरून ओळखायच्या. एकदा हेब्बाळच्या पुढे पेट्रोलचा वास आला तर मी बोलता बोलता गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "अक्का, उतरा. तुम्ही पेटाल." त्या टुणकन उतरल्या, लांब जाऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर इतका आनंद की आजूबाजूच्या लोकांना वाटलं, काहीतरी शुभकार्य चाललंय. एक पाइप सैल झाला होता, घट्ट केला, निघालो.

असंच एकदा देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या भिंतीशी सावलीत गाडी लावून आम्ही थर्मासमधली कॉफी पीत होतो. अक्कांचा पेला हातात तसाच.

"मेस्त्री, एक विचारू?"

"विचारा."

"घरात मी एकटी असते. कुणी येत नाही, आलं तर बाहेरूनच बोलतं." पदर सारखा केला. "मला माझाच वास येत नाही. माझ्या अंगाला, कपड्यांना, वास येतो का?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. समोर भिंत होती, भिंतीकडे बघितलं. कडक इस्त्रीच्या साडीत कॉलेजात जाणारी बाई, जिने आयुष्यभर दुसऱ्यांचं वासावरून ओळखलं, ती मला, शिवाजीनगरच्या मेस्त्रीला, हे विचारत होती. आणि उत्तर मला माहीत होतं. दोन महिन्यांपासून माहीत होतं. त्या विचारायच्या ते वास मी सांगत होतो, न विचारलेला हा एक खिशात ठेवला होता.

नाही म्हणणं सोपं होतं. पाना दोनदा वाजवून उठण्याइतकं सोपं.

"येतो, अक्का."

"कसला? नीट सांगा."

"दमट. साडी घडी करताना पुरती वाळलेली नसते. कपाटात डांबरगोळ्या फार झाल्यात. आणि शालीला जुन्या तेलाचा. शाल धुवायला हवी."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "अंगाला?"

"अंगाला नाही. कपड्यांना."

"खरं?"

"खरं."

"सरी," म्हणाल्या. आणि पेला रिकामा करून, "बरं झालं विचारलं. तुम्हाला सांगायला जड गेलं?"

"फार."

"मलाही विचारायला."

परत येताना त्यांनी एकाही ठिकाणी वास विचारला नाही. मला वाटलं, गेलं, आता हा शेवटचा रविवार.

पुढच्या रविवारी इंदिरानगरला गेलो तर फाटक उघडंच. अंगणात दोरीवर साड्या, शाल, चादरी, सगळं उन्हात. अक्का पायरीवर उभ्या, कोऱ्या सुती साडीत. मी नेहमीसारखा बॉनेटकडे वळलो तर म्हणाल्या, "थांबा. आधी मी, मग गाडी."

मी दोन हातांवर जाऊन उभा राहिलो. लाजच वाटली. पण ज्याला गाडीचा वास घेता येतो त्याने लाजून कसं चालेल? घेतला.

"साबण. उन्हात वाळलेलं सूत. आणि कानाशी स्वल्प चंदन."

"दमट?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, अक्का."

"मग उघडा बॉनेट."

हा क्रम त्यांनी पुढे कधी मोडला नाही. फाटकात आधी त्या, मग गाडी, मग रस्ता. शेवटच्या रविवारी त्यांना दोन पायऱ्या उतरायला माझा हात धरावा लागला, आणि त्या दिवशी अंगाला औषधाचा वास होता. मी तोही सांगितला.

"कडू?"

"कडू. आणि थोडा कापरासारखा."

"हं," म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. आता गाडी बघा."